जुन्या कॉम्प्युटरला घरी बनवलेला ग्राफिक्स डिस्प्ले जोडायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुमच्याकडे झेड८०, ६५०२, ६८०९ किंवा ८०८५ वाला जुना कॉम्प्युटर आहे, तो सिरियल टर्मिनलवर किंवा सेव्हन सेगमेंटच्या आकड्यांवर चालतो आणि आता त्यावर रेषा, वर्तुळं, एखादा गेम असं काहीतरी दिसावं असं वाटतंय, तर हे तुमच्यासाठी आहे. जुनाच सीपीयू वापरून हल्ली बनवलेलं किट असलं तरी सगळं तसंच लागू पडतं. थोडंफार सोल्डरिंग येतं आणि डेटाशीट उघडून कुठली पिन कुठे ते बघता येतं, एवढं धरून चाललोय.

हे खरंच घरी बनवता येतं का?

येतं, आणि अगदी पहिल्यापासून लोक घरीच बनवत आलेत. सप्टेंबर १९७३ मध्ये रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स मासिकात डॉन लँकेस्टर यांचा टीव्ही टाइपरायटर आला, म्हणजे साध्या टीव्हीवर अक्षरं उमटवणारं सर्किट, आणि तेव्हा बहुतेक वाचकांकडे कॉम्प्युटरच नव्हता. मग १९७६ ला एस-१०० बससाठी (त्या काळच्या कॉम्प्युटरांमध्ये कार्ड लावायची प्रमाणित जोडणी) क्रोमेम्कोचं डॅझलर हे ग्राफिक्स कार्ड आलं, दोन कार्डांचं, ६४ बाय ६४ रंगीत किंवा १२८ बाय १२८ एकरंगी, आणि चित्रासाठी जास्तीत जास्त २ केबी मेमरी. आज एका ६२२५६ चिपमध्ये ३२ केबी स्टॅटिक रॅम मिळते. त्या काळात सगळं अडायचं ते मेमरीच्या किमतीवर. आता मेमरी भरपूर आहे, अडतं ते ती कोणी कधी वापरायची यावर, आणि त्याचं खाली सविस्तर लिहिलंय कारण मला विचाराल तर अख्ख्या प्रोजेक्टचा जीव तिथेच आहे.

कुठला मार्ग धरू?

चार मार्ग आहेत. जुनी व्हिडिओ चिप, जसं टीएमएस९९१८ए. दुसरा, ७४ सिरीजच्या लॉजिक चिप आणि स्टॅटिक रॅम घेऊन स्वतःचं कार्ड. तिसरा, रास्पबेरी पाय पिकोसारखा मायक्रोकंट्रोलर किंवा एफपीजीए (आतलं लॉजिक आपणच ठरवतो अशी चिप), जो सीपीयूच्या बसवर, म्हणजे ॲड्रेस आणि डेटाच्या लाइनवर, बसून चित्र काढतो. चौथा, तयार एलसीडी मॉड्यूल.

पहिल्यांदाच करत असाल तर ९९१८ए घ्या असं मी बिनधास्त सांगेन. तिची १६ केबी मेमरी तिच्या स्वतःच्या ताब्यात असते, सीपीयूच्या मेमरी मॅपला धक्का लागत नाही, आणि कॉम्प्युटरच्या बाजूने बघितलं तर ती फक्त दोन पोर्ट आहे, एक डेटाचा आणि एक कंट्रोलचा. ७४ सिरीजचं कार्ड सगळ्यात जास्त शिकवतं पण वेळही तेवढाच खातं. पिकोचा मार्ग लवकर चित्र दाखवतो, फक्त मग खरं काम जुन्या मशीनच्या शंभर पट वेगाची चिप करत असते, ते तुम्हाला चालतंय का ते तुम्हीच ठरवा, मला त्यात काही वावगं वाटत नाही पण रेषा काढायचं काम तरी जुन्या सीपीयूनेच करावं असं मनापासून वाटतं.

रिझोल्यूशन किती ठेवू? ६४० बाय ४८० करू का?

थांबा जरा, आधी सीपीयूला विचारा. ६४० बाय ४८० एकरंगी म्हणजे ३८,४०० बाइट. ६४ केबीच्या मशीनमध्ये निम्म्याहून जास्त जागा गेली, आणि जागा वेगळी दिली तरी ती भरायला वेळ लागतोच. झेड८० ची एलडीआयआर (बाइट कॉपी करत जाणारी) इन्स्ट्रक्शन एका बाइटला २१ टी-स्टेट, म्हणजे क्लॉकचे ठोके, घेते, म्हणजे ४ मेगाहर्ट्झला ५.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे नुसती स्क्रीन पुसायला ०.२ सेकंद. १ मेगाहर्ट्झच्या ६५०२ ला साध्या लूपमध्ये बाइटमागे ११ सायकल धरल्या तर ०.४ सेकंदाच्या वर. यात हलणारं काही दाखवायचं म्हटलं की स्क्रीन पुसली जाताना डोळ्यांना दिसते.

आता २५६ बाय १९२ घ्या. ६,१४४ बाइट. तोच झेड८० हे ३२ मिलिसेकंदात पुसतो, ६५०२ ला ६८ मिलिसेकंद लागतात. झेडएक्स स्पेक्ट्रमचं आणि ९९१८ चं रिझोल्यूशन हेच होतं आणि ॲपल टूचं २८० बाय १९२, म्हणजे ८ बिट सीपीयू आरामात ओढेल एवढं. मोठं रिझोल्यूशन हवंच असेल तर रेषा आणि चौकोन काढायचं काम कार्डावर द्यावं लागेल आणि मग ते कार्ड राहत नाही, दुसरा कॉम्प्युटर होतो.

सीपीयू आणि डिस्प्ले एकच मेमरी कशी वापरतात? स्क्रीनवर ठिपके उडतात ते का?

हाच तो प्रश्न. डिस्प्लेला एक मिनिटही थांबता येत नाही, मॉनिटरवर किरण किंवा पिक्सेल पुढे सरकतच असतो आणि त्याला ठरलेल्या क्षणी पुढचा बाइट लागतोच. सीपीयू मात्र त्याच्या मर्जीने कधीही लिहायला येतो. दोघांनी एकाच क्षणी रॅमचा ॲड्रेस मागितला तर कोणाला तरी चुकीचा बाइट मिळणार. सीपीयूला पहिला मान दिला की डिस्प्ले भलताच बाइट उचलतो आणि तेच ते उडणारे ठिपके. आयबीएमच्या सीजीए कार्डात ८० कॉलम टेक्स्ट मोडला दिसणारा बर्फ हाच.

यावर लोकांनी काय काय केलं बघा. झेडएक्स८१ मध्ये सीपीयू स्वतःच चित्र काढायचा आणि उरलेल्या वेळात तुमचा प्रोग्राम चालवायचा, फास्ट मोड लावला की चित्रच गायब. स्पेक्ट्रममध्ये युएलए चिप सीपीयूचं क्लॉक अडवून धरायची. ॲपल टूने सगळ्यात देखणं उत्तर काढलं, ६५०२ क्लॉकच्या एका अर्ध्यातच मेमरीला हात लावतो म्हणून दुसरा अर्धा डिस्प्लेला देऊन टाकला, कोणीच कोणासाठी थांबत नाही. बीबीसी मायक्रोमध्येही तेच, रॅम ४ मेगाहर्ट्झने चालवून २ सीपीयूला आणि २ डिस्प्लेला.

स्वतःचं कार्ड बनवताना तीन पर्याय राहतात. सगळ्यात सोपा म्हणजे सीपीयूने फक्त ब्लँकिंगमध्ये, म्हणजे स्क्रीनवर काही उमटत नसतानाच्या मोकळ्या वेळात, लिहायचं. व्हीजीएच्या ६४० बाय ४८० मध्ये पूर्ण फ्रेम ८०० बाय ५२५ क्लॉकची असते, त्यातला दिसणारा भाग काढला तर साधारण २७ टक्के वेळ मोकळा मिळतो, सीपीयूला वेट लाइनवर अडवून धरा किंवा एक स्टेटस बिट द्या. दुसरा, ड्युअल पोर्ट रॅम, म्हणजे दोघांना एकदम वापरता येणारी, सोपी पण लहान आणि महाग. तिसरा, आणि माझ्या मते योग्य, वेळ वाटून देणं. एकरंगी चित्रात ८ पिक्सेलला एक बाइट लागतो, २५.१७५ मेगाहर्ट्झला ८ पिक्सेल म्हणजे ३१८ नॅनोसेकंद, त्याचे दोन भाग केले की १५९-१५९ नॅनोसेकंद, आणि ५५ नॅनोसेकंदाची स्टॅटिक रॅम त्यात मल्टिप्लेक्सरचा उशीर धरूनही आरामात बसते. सीपीयूने लिहिलेला ॲड्रेस आणि डेटा ७४एचसी३७४ लॅचमध्ये धरून ठेवायचा आणि पुढच्या मोकळ्या भागात रॅममध्ये टाकायचा. सीपीयूला कळतही नाही, चित्रही फुटत नाही. एकदा हे चालताना बघितलं ना की मग दुसरं काही नको वाटतं.

मूळ मशीनला हात लावावा लागेल का?

नाही, आणि लावू नका. कळकळीची विनंती आहे. एक्सपान्शन बस असेल तर त्यावर कार्ड बसवा, नसेल तर सीपीयू सॉकेटमधून काढून मध्ये एक छोटा बोर्ड घाला आणि सीपीयू त्याच्यावर लावा, सगळ्या लाइन तिथेच मिळतात. ट्रॅक कापणं, चिपच्या पाठीवर चिप सोल्डर करणं हे त्या काळी ठीक होतं कारण मशीन नवीन मिळत होती. आता जी उरलीत तेवढीच आहेत. उद्या दुसऱ्या कोणाकडे गेलं तर त्यालाही ते मूळ अवस्थेत मिळालं पाहिजे. बसवर कार्ड लावताना मध्ये ७४एलएस२४५ बफर घाला, म्हणजे तुमच्या कार्डावर काही शॉर्ट झालं तर जळेल ते बफर.

पॉवर सप्लायही बघा. जुने सप्लाय आधीच काठावर असतात, कार्डाला ५ व्होल्ट वेगळे द्या, ग्राउंड मात्र एकत्रच हवं.

टीएमएस९९१८ए जोडताना लोक नेमके कुठे अडकतात?

पहिली गोष्ट, बिटांचे नंबर उलटे आहेत. टीआयच्या (चिप बनवणारी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) पद्धतीत ० नंबरचा बिट सगळ्यात मोठा, म्हणजे चिपची सीडी० पिन सीपीयूच्या डी७ ला आणि सीडी७ पिन डी० ला. नावावरून नाव जोडलं की काहीच चालत नाही आणि कारणही दिसत नाही.

दुसरी, मेमरी. मूळ डिझाइन ४११६ डायनॅमिक रॅमचं, अशा आठ चिप, आणि त्यांना +१२, +५ आणि -५ असे तीन व्होल्टेज. त्या वाटेला जाऊच नका. तीन ७४ सिरीजचे ५७४ लॅच आणि एक ६२२५६ घेऊन स्टॅटिक रॅमवर चालवायचं सर्किट सर्रास वापरतात, एकाच ५ व्होल्टवर सगळं होतं.

तिसरी, वेग. चित्र चालू असताना ही चिप सीपीयूला व्हिडिओ मेमरीत एक बाइट लिहू द्यायला ८ मायक्रोसेकंदापर्यंत घेऊ शकते. तुम्ही त्याहून भराभर बाइट पाठवले तर मधले गळतात, आणि मग अक्षरांना भोकं पडल्यासारखं दिसतं. ४ मेगाहर्ट्झला दोन बाइटांमध्ये ३२ टी-स्टेट जाऊ द्या, एकदोन नॉप (काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन) टाकून भागत नसेल तर छोटी सबरूटीन कॉल करा. व्हर्टिकल ब्लँकिंगमध्ये मात्र २ मायक्रोसेकंदांत काम होतं.

झेड८० वर ॲड्रेस डिकोड करताना आयओआरक्यूबरोबर एम१ लाइनही बघा, एम१ हाय असेल तरच पोर्ट निवडा, कारण इंटरप्ट मान्य करताना झेड८० या दोन्ही एकदम लो करतो आणि तुमची चिप मध्येच जागी होते.

आणि हो, चिप चांगलीच तापते, हीटसिंक चिकटवा. क्रिस्टल १०.७३८६३५ मेगाहर्ट्झचाच लागतो, जवळपासचा चालत नाही, रंग जातात.

जोडणी बरोबर आहे हे सगळ्यात आधी कसं तपासू?

९९१८ए साठी एक भारी युक्ती आहे, या युक्तीला व्हिडिओ मेमरी लागतच नाही. रिसेटनंतर चिप ब्लँक असते आणि नुसता मागचा रंग दाखवते, तो रंग रजिस्टर ७ मध्ये असतो. कंट्रोल पोर्ट १५३ वर असेल तर आधी तो एकदा वाचा म्हणजे चिप पहिल्या बाइटची वाट बघायला लागते, मग बेसिकमध्येच

आउट १५३, ४
आउट १५३, १३५

पहिला आकडा रंग, दुसरा म्हणजे १२८ अधिक रजिस्टर नंबर ७. अख्खी स्क्रीन गडद निळी झाली पाहिजे. झाली तर डेटा बस, डिकोडिंग, क्रिस्टल आणि व्हिडिओ आउटपुट सगळं एका फटक्यात तपासून झालं. ४ च्या जागी १५ टाका, पांढरी होईल. रंग बदलतच नसेल तर बिट उलटे लागलेत का बघा. यानंतरच मेमरीकडे वळा, एक बाइट लिहा, तोच वाचून बघा, मग सगळी १६ केबी.

७४ सिरीजच्या कार्डाला व्हीजीएचं टायमिंग काय ठेवायचं?

आडवं ८०० क्लॉक: ६४० दिसणारे, १६ फ्रंट पोर्च (सिंकच्या आधीची रिकामी जागा), ९६ सिंक (मॉनिटरला नवी लाइन सुरू करायची खूण), ४८ बॅक पोर्च (सिंकच्या नंतरची रिकामी जागा). उभं ५२५ लाइन: ४८०, १०, २, ३३ याच क्रमाने. दोन्ही सिंक निगेटिव्ह. लाइनची फ्रिक्वेन्सी ३१.४६९ किलोहर्ट्झ येते.

२५.१७५ चा ऑसिलेटर नसेल तर २५ चालतो, मॉनिटर एवढा फरक पोटात घालतो. अजून एक सोपी वाट म्हणजे ८०० बाय ६०० चं टायमिंग, त्याला बरोब्बर ४० मेगाहर्ट्झ लागतात आणि तुम्ही १० मेगाहर्ट्झचा साधा ऑसिलेटर लावून सगळे आडवे आकडे ४ ने भागले की २०० पिक्सेलची लाइन मिळते, मॉनिटरला फरक कळत नाही कारण त्याला फक्त सिंक दिसतो. ब्रेडबोर्डवर करणार असाल तर हेच करा.

काउंटर आणि कंपॅरेटरची जत्रा नको असेल तर त्यांच्या जागी एकदोन जीएएल२२व्ही१० किंवा एक एटीएफ१५०८ (प्रोग्राम करता येणाऱ्या लॉजिक चिप) घाला. ६८४५ ही जुनी सीआरटी कंट्रोलर चिपसुद्धा आहे, बीबीसी मायक्रो, ॲमस्ट्रॅड सीपीसी आणि आयबीएमच्या सीजीएमध्ये हीच जात होती, पण ती फक्त ॲड्रेस आणि सिंक देते, पिक्सेल शिफ्ट करणं आणि मेमरी वाटणं तुमच्याकडेच राहतं.

पिको थेट बसला लावला तर?

थेट नको. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि जुनी बस ५ व्होल्टची. मध्ये ३.३ वर चालणारा ७४एलव्हीसी२४५ घाला, त्याचे इनपुट ५ व्होल्ट सहन करतात. उलट्या दिशेने जुन्या एनमॉस झेड८० ला आणि ६५०२ ला ३.३ व्होल्ट हाय म्हणून पुरतात, पण नव्या सीमॉस ६५सी०२ ला ५ व्होल्टवर ३.५ च्या आसपास लागतात, तिथे ७४एचसीटी२४५ टाका. दिशा आपोआप ओळखणारे छोटे लेव्हल शिफ्टर बसवर वापरू नका, पुलअप आणि लांब वायरी असल्या की ते गोंधळतात.

मूळ पिकोवरच्या आरपी२०४० चिपमध्ये २६४ केबी रॅम आहे, ३२० बाय २४० मध्ये २५६ रंग म्हणजे ७६,८०० बाइट, असे दोन बफर सहज मावतात. सुरुवात फक्त लिहिण्यापासून करा. सीपीयूला पिकोकडून काही वाचायचं असेल तर उत्तर काही शे नॅनोसेकंदांत बसवर यायला हवं, ते पीआयओ, म्हणजे पिकोतली पिना हलवायची वेगळी छोटी यंत्रणा, वापरूनच जमतं. ९९१८ए च्याच सॉकेटात बसणारे तयार पर्यायही आहेत, एफपीजीएवाला एफ१८ए आणि पिकोवाला पिको९९१८, दोन्ही व्हीजीए देतात.

मॉनिटर नकोच, छोटा एलसीडी लावला तर?

मस्त पर्याय. केएस०१०८ कंट्रोलरचा १२८ बाय ६४ एलसीडी ५ व्होल्टवर चालतो, ८ बिट पॅरलल आहे आणि त्याची ई लाइन ६८०० च्या बससारखीच वागते, म्हणून ६८०० आणि ६५०२ ला तो घरचाच वाटतो. आत ६४ बाय ६४ चे दोन कंट्रोलर असतात, सीएस१ आणि सीएस२ वेगळे चालवावे लागतात, आणि एक बाइट म्हणजे उभे ८ ठिपके, आडवे नाहीत. एसएसडी१३०६ वाले ओलेड छान दिसतात, पण आयटूसी एकेक बिट हलवून चालवायला जुन्या सीपीयूला फार वेळ लागतो, एसपीआयवाला घ्या.

मॉनिटरला जोडताना रेझिस्टर किती ओहमचे?

व्हीजीएच्या आर, जी, बी लाइनला ७५ ओहमवर ०.७ व्होल्ट हवेत. ५ व्होल्टच्या सीमॉस आउटपुटपासून ४७० ओहम, ३.३ पासून २७० ओहम, प्रत्येक रंगाला एक. ब्लॅक अँड व्हाइट कंपोझिटसाठी सिंकला १ किलोओहम आणि व्हिडिओला ४७० ओहम लावून दोन्ही एकत्र करा, सिंकला ०, काळ्याला ०.३ आणि पांढऱ्याला साधारण ०.९५ व्होल्ट मिळतात. एवढंच.

जुना सीआरटी मॉनिटर वापरू का?

वापरा, चित्र त्यावरच खरं शोभतं. पण आधी तो कुठल्या फ्रिक्वेन्सीचा आहे ते बघा. आयबीएमच्या एमडीएसाठीचे मॉनिटर १८.४३२ किलोहर्ट्झचे होते, टीव्हीसारखे १५.६ वाले वेगळे, व्हीजीए ३१.५ वाले वेगळे. ठराविक फ्रिक्वेन्सीच्या जुन्या मॉनिटरला भलता सिंक दिला किंवा अजिबात दिला नाही तर आतला हॉरिझॉन्टल भाग जळू शकतो. म्हणून सिंक आधी ऑसिलोस्कोपवर मोजायचा, मगच वायर लावायची. आणि मागचं कव्हर उघडू नका, पिक्चर ट्यूबवर कित्येक हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते टिकून राहतात.

चित्र येतंय पण बिघडलेलं, दोष कुठे शोधू?

चित्र तिरकं फाटत असेल तर आडवा सिंक चुकलाय, वरखाली फिरत असेल तर उभा. दर ८ पिक्सेलला उभी रेघ दिसत असेल तर शिफ्ट रजिस्टर, म्हणजे ७४१६५ किंवा १६६, एक क्लॉक आधी किंवा नंतर लोड होतोय, हे फार कॉमन आहे. सीपीयू लिहितानाच ठिपके उडतात तर वर सांगितलेली मेमरीची भांडणं. चित्र थरथरतंय किंवा सावल्या पडतायत तर पॉवर, प्रत्येक चिपच्या जवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे का बघा, अगदी प्रत्येक. नव्या एलसीडी टीव्हीवर कंपोझिट चित्र अंधुक दिसत असेल तर दोष तुमचा नसेलही, बरेच टीव्ही जुन्या मशीनचा इंटरलेस नसलेला सिग्नल इंटरलेस समजूनच दाखवतात.

देवनागरी अक्षरं दाखवता येतील का?

येतील, पण टाइल मोडमध्ये (८ बाय ८ च्या ठरलेल्या तुकड्यांनी, म्हणजे टाइलनी, स्क्रीन भरायची) जीव गुदमरतो. ८ बाय ८ च्या चौकटीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार आणि मध्ये अक्षर मावत नाही, निदान १६ उंची लागते. १६ बाय १६ चं अक्षर म्हणजे चार टाइल, आणि ९९१८ए च्या ग्राफिक्स १ मोडमध्ये २५६ टाइल असतात म्हणजे फक्त ६४ अक्षरं, जोडाक्षरं आली की संपलंच. ग्राफिक्स २ मध्ये ७६८ टाइल मिळतात, त्यात अख्खी स्क्रीन बिटमॅपसारखी वापरून अक्षर हव्या त्या पिक्सेलवर काढा. शिरोरेषा सलग यायला दोन अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडायची नाही, प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी ठेवायची, आणि मात्रा वेगळी साठवून आधीच्या अक्षरावर ऑर करायची. स्वतःच्या जोडणीवर पहिल्यांदा आपलं नाव देवनागरीत उमटलं की होणारा आनंद वेगळाच आहे.

तयार गेम आणि प्रोग्राम माझ्या कार्डावर चालतील का?

९९१८ए असेल तर बऱ्याच अंशी. १९८३ चे एमएसएक्स कॉम्प्युटर आणि १९८२ चं कोलेकोव्हिजन गेम कन्सोल दोन्ही हीच चिप किंवा तिची सख्खी भावंडं वापरायचे, सीपीयूही झेड८०. फरक पोर्टचा, एमएसएक्समध्ये ९८ आणि ९९ हेक्स, कोलेकोमध्ये बीई आणि बीएफ. म्हणून डिकोडरवर जंपर ठेवा, दोन्ही जागा निवडता येतील. चिपची इंटरप्ट पिनही जंपरवर घ्या, एमएसएक्सला ती आयएनटीवर हवी असते, कोलेकोला एनएमआयवर. आवाजाची चिप, जॉयस्टिक आणि मेमरी मॅप वेगळे असतात ते प्रत्येक गेमप्रमाणे जुळवावे लागतात. इंटरप्ट एकदाच येऊन गप्प बसत असेल तर तुमचा हँडलर स्टेटस रजिस्टर वाचत नाहीये, ते वाचल्याशिवाय ही चिप पुढचा इंटरप्ट देत नाही.